गुरुवार वगळून

नसीम मुजावरचा फोन आला तेव्हा मी मागोव्याशी हुज्जत घालत बसले होते. मागोवा म्हणजे कोड शोधणारं यंत्र. चार विद्यापीठांनी मिळून ते बनवलं आणि २०४२च्या मे महिन्यात सगळ्यांसाठी खुलं केलं. तेव्हापासून माझी दुपारची झोप गेली ती गेलीच. निवृत्त बाईला दुसरं काय काम? पाळण्याला झोका देणाऱ्या यंत्राचा कोड आणि देवळातली घंटा वाजवणाऱ्या यंत्राचा कोड एकाच माणसाने लिहिलाय का, असल्या नसत्या चौकशा मी त्याला करत बसायची. (एकाच माणसाने लिहिलाय. तो फिनलंडमध्ये राहतो.)

"मॅडम, मला कामावरून काढलंय ओ," नसीम म्हणाली आणि रडायला लागली.

नसीम माझी तंत्रनिकेतनातली विद्यार्थिनी. कराडच्या एका खासगी रुग्णालयात ती यंत्रं सांभाळायची. हातात पाना घेऊन उभी राहिली की भल्याभल्या मशिनी सुतासारख्या सरळ व्हायच्या. अशी पोरगी रडते म्हणजे प्रकरण साधं नाही.

"आधी पाणी पी. मग पहिल्यापासून सांग."

तिने सांगितलं ते असं. रुग्णालयात प्राणवायूची मोठी टाकी आहे. टाकीतला दाब उतरला की एक झडप आपोआप फिरते आणि राखीव सिलिंडर चालू होतात. ती झडप फिरते की नाही हे मशीन रोज सकाळी सहा वाजता स्वतःच तपासतं. तपासणी नीट झाली की हिरवा दिवा. नसीमने दिवा बघायचा आणि वहीत सही करायची. गेल्या आठवड्यात दाब उतरला आणि झडप फिरलीच नाही, अडकली. अतिदक्षता विभागात एक निवृत्त शिक्षक होते, त्यांचा श्वास कोंडला. नसीम दोन मजले धावत गेली आणि तिने हाताने झडप फिरवली. शिक्षक वाचले, पण चार दिवस शुद्धीवर नव्हते.

"मशीनच्या नोंदीत त्या सकाळी तपासणीच नाही, मॅडम. आणि वहीत माझी सही आहे. खोटी सही केली म्हणतायत. पण दिवा हिरवा होता, आईशप्पथ हिरवा होता! सोमवारी चौकशी आहे. दोषी ठरले तर तंत्रज्ञांच्या यादीतून नाव काढतील. मग मला कोण उभं करणार दारात?"

"वार कुठला होता गं त्या दिवशी?"

"गुरुवार. का ओ?"

"काही नाही. बिघाडाचा वार बघायची खोड आहे मला. मशीनच्या वर्षभराच्या नोंदी पाठव."

नोंदी आल्या. रोज सहा वाजता तपासणी. सोमवार आहे, मंगळवार आहे, बुधवार आहे. गुरुवार नाही. बावन्न गुरुवार, एकाही गुरुवारी तपासणी नाही! आणि दिवा? तो बापडा शेवटच्या तपासणीचा निकाल दाखवत राहायचा, म्हणजे गुरुवारी बुधवारचा. नसीमला दिसलेला हिरवा रंग खरा होता, फक्त शिळा होता.

मला एकदम तरतरी आली. पोरीवर संकट आलेलं असताना असं वाटू नये, पण वाटलं, काय करणार? मशीनला गुरुवारचा उपास कुणी लावला?

मशीनच्या आतला कोड ओपन सोर्स होता. म्हणजे कुणीही वाचावा, उचलावा, हवा तसा बदलावा आणि पुढच्याला द्यावा असा. जगातली निम्मीअधिक यंत्रं असल्याच कोडवर चालतात. एकाने लिहिलेला तुकडा दुसरा उचलतो, नावं बदलतो, दुसऱ्या भाषेत उतरवतो, तिसरा तो पुढे नेतो. पूर्वी यात काही शोधायचं तर शब्द जुळावे लागायचे. नाव बदललं की माग संपला. मागोवा शब्द बघतच नाही. तो प्रत्येक तुकडा आपल्याकडे चालवून बघतो, त्याला हजारो वेगवेगळे आकडे देतो आणि तो काय करतो याची टिपणं ठेवतो. ज्यांची वागणूक एकसारखी, ते एका घरचे. मग तारखा लावून आणि बारीकसारीक खोडी जुळवून कोण आजा, कोण नातू ते ठरवतो. आत्याच्या आणि भाच्याच्या हनुवटीवर एकाच जागी तीळ असावा, तसल्या खोडी. कोडबरोबर लोकांनी लिहिलेली माहितीपत्रकंही तो वाचतो, आणि कागद एक म्हणतोय नि कोड दुसरंच करतोय असं दिसलं की तेही सांगतो.

मी साध्या मराठीत विचारलं, "रोज तपासणी करणारा, पण सातातला एक दिवस सोडणारा कोड कुठे कुठे आहे?"

मागोव्याने चाळीस सेकंद घेतले. एकेचाळीस हजार ठिकाणी, म्हणाला. ब्राझीलमधली दुधाची शीतगृहं, केनियातली पाण्याची टाकी, कोरियातलं फुलांचं काचघर, कराडचं रुग्णालय. सगळीकडे तोच तीळ, आणि सगळीकडे सुटलेला दिवस गुरुवार!

"गुरुवारच का?"

"कोडमध्ये गुरुवार हा शब्द कुठेच नाही," मागोव्याने उत्तर दिलं. "संगणक १ जानेवारी १९७० पासून दिवस मोजतात. तो दिवस गुरुवार होता. या ओळीत दिवसांच्या संख्येला साताने भागलं आहे आणि बाकी शून्य आली तर तपासणी सोडली आहे. म्हणून ती नेहमी गुरुवारीच सुटते. वाचणाऱ्याला मात्र वार दिसत नाही, फक्त सात दिसतो."

एवढंसं भागाकाराचं गणित, आणि त्याने अख्ख्या जगाला चकवलं होतं. लिहिणारा हुशार होता हे मी त्याही क्षणी मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी नसीमने मशीन बनवणाऱ्या कंपनीचं पत्र पाठवलं. साहेब लोक तयारीत होते. त्यांचं म्हणणं, हा दोष नव्हेच, ही तर मुद्दाम केलेली सोय. पुस्तिकेच्या पान दोनशे चौदावर छापलंय: 'झडप झिजू नये म्हणून आठवड्यातून एक दिवस तिला विश्रांती दिली जाते. त्या दिवशी तंत्रज्ञाने हाताने तपासणी करावी.' तंत्रज्ञाने पुस्तिका वाचली नाही, त्याला कंपनी काय करणार?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोज अर्धं मिनिट फिरून झिजेल अशी झडप कुणी रुग्णालयात बसवतं का?

मी ते वाक्य मागोव्याला दिलं आणि त्याचं मूळ शोधायला सांगितलं. वाक्य मुळात जर्मन निघालं. कोडनंतर तब्बल नऊ वर्षांनी एका जर्मन मुलीने तो तुकडा उचलला होता. ही सातची भानगड कशासाठी, असं तिला वाटलं असणार. प्रामाणिक मुलगी! तिने लिहिलं, 'बहुधा झडपेची झीज कमी करण्यासाठी असावं, नक्की माहीत नाही.' पुढच्याने 'नक्की माहीत नाही' गाळलं. त्याच्या पुढच्याने 'बहुधा' गाळलं. सहाव्या हातात हाताने तपासण्याची सूचना जोडली गेली आणि पान दोनशे चौदा तयार झालं. अंदाज होता, त्याचा नियम झाला.

पण एवढ्याने भागणार नव्हतं. कंपनीचा वकील म्हणेल, त्या मुलीचा अंदाज बरोबरच होता. खरं कारण सांगू शकणारा माणूस एकच, ज्याने ती ओळ पहिल्यांदा लिहिली तो.

"मूळ कुणाचं?"

"उकिडवे कंट्रोल्स, भोसरी, २०१५," मागोवा म्हणाला. "लेखक, वामन उकिडवे. खात्री त्र्याऐंशी टक्के."

मी कपाळावर हात मारला. भोसरी! गुरुवार! अहो, भोसरीच्या सगळ्या कारखान्यांना गुरुवारीच सुट्टी असायची. वीज वाटून घ्यायला लावलेला नियम. आणि हे मला मागोव्याने सांगावं? त्याच कारखान्यात मी सहा वर्षं घासली होती.

वामनराव उकिडवे आता चौऱ्याहत्तर वर्षांचे. कंप्रेसरच्या झडपा सांभाळणारा कोड आम्ही दोघांनी लिहिला आणि जगाला फुकट दिला. दोघांनी, हे मी म्हणते. कारखान्यात संगणकावरचं खातं एकच, त्यांच्या नावाचं, आणि सगळे त्यातूनच काम करायचे. त्यामुळे प्रत्येक ओळीवर नाव लागलं वामन उकिडवे. त्यांना मानपत्रं मिळाली, शाली मिळाल्या. मी माझं नाव लावा म्हणून एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा भांडले आणि नोकरी सोडून तंत्रनिकेतनात शिकवायला गेले. त्यानंतर आम्ही एकमेकांशी फक्त लग्नाकार्यात बोललो, तेही जेवणाच्या चवीबद्दल.

शनिवारी सकाळी मी तळेगावची बस पकडली.

वामनरावांनी स्वतःच दार उघडलं. डावा पाय ओढत चालत होते. "हेमा? ये ये. चहा टाकू?"

"चहा राहू द्या," म्हटलं, आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नसीम, झडप, एकेचाळीस हजार ठिकाणं. "सुट्टीच्या दिवशी कटकट नको म्हणून तुम्ही गुरुवार उडवलात आणि वर एक शब्द लिहिला नाहीत! त्या मास्तरांचा जीव जाता जाता राहिला. पोरीच्या पोटावर पाय येतोय!"

ते खाली बसले. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मग म्हणाले, "असेल. माझंच असेल."

"असेल काय? आहे! मागोवा सांगतोय."

"बरं, आहे. सोमवारी येतो कराडला. सांगतो, माझी चूक आहे."

"आणि कारण विचारलं तर?"

"कारण..." त्यांनी चष्मा काढून पुसला. "नाही बुवा आठवत. सत्तावीस वर्षं झाली."

"मग तुमच्या येण्याचा उपयोग काय? कारण नसलं तर ते दोनशे चौदा नंबरचं पान नाचवणार!"

"प्रयत्न करतो आठवायचा," ते म्हणाले. मला सोडायला फाटकापर्यंत आले, पाय ओढत. मी धन्यवादसुद्धा म्हटलं नाही.

बसमध्ये बसले आणि तो पाय डोळ्यांपुढून हलेना. शिडीवरून पडून मोडला होता तो. नीट जुळलाच नाही. कधी बरं पडले होते? मी फोनवर मागोवा उघडला आणि त्या ओळीची नेमकी नोंद मागितली.

'१३ फेब्रुवारी २०१५, शुक्रवार, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटे. ठिकाण: कारखाना.'

वामनराव पडले ते संक्रांतीच्या दिवशी. त्यानंतर दोन महिने ते रत्नागिरीला बहिणीकडे प्लास्टरमध्ये पडून होते. फेब्रुवारीत कारखाना मी एकटीने चालवला होता.

खोटं कशाला सांगू, ती ओळ माझीच होती. आणि मग नामदेवमामा आठवले.

नामदेवमामा आमचे पहारेकरी. गुरुवारी वीज बंद, कारखान्यात चिटपाखरू नाही, पण आमचं यंत्र बॅटरीवर जागं. सहा वाजले की ते झडप तपासायचं. कंप्रेसरच बंद, मग दाब येणार कुठून? झडप बिघडली असं समजून ते भोंगा वाजवायचं. मामा जिना चढून बंद करायचे, दहा मिनिटांनी ते परत सुरू. त्या शुक्रवारी मी कुलूप उघडत होते तर मामा समोर उभे. "बाई, कालच्याला ही बया तीनदा बोंबलली. मला दम्याचा त्रास. तेवढा गुरुवार गप करा की हिला."

मी तिथल्या तिथे बसून केलं. सरळ 'गुरुवार' असं लिहिता आलं असतं. पण मला सुचला तो साताचा भागाकार, एका ओळीत मावणारा, आणि मी स्वतःवरच खूश झाले. संध्याकाळी फोनवर वामनरावांना ऐटीत सांगितलंसुद्धा. ते म्हणाले होते, "वर कारण लिहून ठेव गं." आणि मी म्हणाले होते, "कुणाला वाचायचंय? आपलाच तर कारखाना."

पुढे वीस बॅचना वर्गात पहिल्याच दिवशी सांगत आले, काय केलं ते मशीन वाचेल, का केलं ते माणसासाठी लिहा. नसीमलाही सांगितलं होतं.

मागोव्याला मी का सापडले नाही? त्याच्याकडे ताडून बघायला माझं काहीच नव्हतं. माझ्या नावावर जगात कुठे एक ओळ नाही. वामनराव त्र्याऐंशी टक्के, उरलेले सतरा 'अज्ञात'. म्हणजे मी गप्प बसले तर कुणाला कधीच कळणार नव्हतं. म्हातारा तर कबूल होऊन बसलाच होता. दोन थांबे मी हाच विचार करत होते. मला त्याची लाज वाटते, पण केला. निवृत्तीनंतरचा मान, विद्यार्थ्यांचे फोन, मॅडम मॅडम. एका मास्तरांचा जीव माझ्या ऐटीपायी जाणार होता, हे आता कुठल्या तोंडाने सांगू?

मग नसीमचं वाक्य आठवलं. दिवा हिरवा होता, आईशप्पथ हिरवा होता. ती खरं बोलत होती आणि तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं. देहूरोडला उतरले आणि समोरून परत तळेगावची बस पकडली.

फाटक उघडंच होतं. वामनरावांनी या वेळी चहा टाकलेला होता, दोन कप.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"तू दारात बोलायला लागलीस तेव्हाच. सात आणि बाकी शून्य. किती ऐटीत सांगितलं होतंस."

"मग गप्प का राहिलात? मी तुम्हाला नाही नाही ते बोलले!"

त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. "हेमा, तुझ्या चांगल्या कामावर मी सत्तावीस वर्षं माझं नाव मिरवलं. चूक होती, मला कळत होतं, पण शाली आवडायला लागल्या होत्या. म्हटलं, चांगलं सगळं घेतलं, तर हे एक वाईटही घ्यावं माझ्याच नावावर."

मला रडू आलं. रागही आला, त्यांचा आणि माझा. "काही गरज नाही," मी म्हटलं. "ही ओळ माझी आहे. तुम्हाला मिळणार नाही."

ते हसले. उठून आतल्या खोलीत गेले आणि धूळ झटकत एक वही घेऊन आले. वामनरावांनी जन्मात काही टाकून दिलं नाही, म्हणून कारखान्यात मी त्यांना भंगारवाले म्हणायची. ती फाटकावरची वही होती, नामदेवमामांच्या अक्षरात. 'दि. १२ गुरुवार. मशीन तीन डाव बोंबललं. सकाळच्याला बाईंना सांगणे.' आणि खाली पुढच्या गुरुवारी एकच शब्द, 'शांत'.

सोमवारी आम्ही दोघं कराडला गेलो. चौकशी समितीत तिघं होते, अध्यक्ष एक डॉक्टरबाई. कंपनीच्या माणसाने पान दोनशे चौदा उघडून ठेवलेलंच होतं. तो झडपेच्या झिजेवर पंधरा मिनिटं बोलला. नसीम भिंतीशी बसली होती, ओढणीचं टोक पिळत.

माझी पाळी आली. मी म्हटलं, "झिजेचा यात काही संबंध नाही. हा दिवस भोसरीच्या पहारेकऱ्याला दम्याचा त्रास होता म्हणून सोडलेला आहे. ही त्याची वही."

"आणि हे तुम्हाला कसं माहीत?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"ती ओळ मी लिहिली. कारण लिहिलं नाही. म्हणून ज्याने त्याने आपापलं कारण बनवलं."

नसीमने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला झेपली नाही, मी खाली बघितलं. डॉक्टरबाईंनी वही दोनदा वाचली. मग त्या कंपनीच्या माणसाकडे वळल्या. "म्हणजे तुमच्याही कुणाला माहीत नव्हतं हे का आहे ते. आणि तुम्ही तसंच छापलंत?" त्याने पुस्तिका मिटली.

नसीमला त्याच संध्याकाळी कामावर परत घेतलं. बाहेर आल्यावर तिने ओढणी सारखी केली. मग म्हणाली, "मॅडम, तुम्हीच शिकवलं होतं की ओ, का केलं ते लिहायचं."

"हो."

"मग?"

"मग काय, नापास," मी म्हटलं. ती हसली नाही. पण माझी पिशवी तिने तिच्या हातात घेतली आणि स्टँडपर्यंत सोबत आली.

मंगळवारी वामनराव माझ्याकडे आले. मुळातली ती ओळ आम्ही काढली. तिच्या जागी सगळी हकिगत लिहिली, भोसरी, सुट्टी, भोंगा, मामांचा दमा, आणि शेवटी: 'गुरुवार वगळण्याचे आता काहीही कारण नाही.' पाठवण्याआधी यंत्राने विचारलं, लेखक? वामनरावांनी कळफलक माझ्याकडे ढकलला. सत्तावीस वर्षं ज्या नावासाठी भांडले ते मी पहिल्यांदा तिथे टाइप केलं, हेमलता बोंद्रे, आणि ते लागलं तेही नेमकं या चुकीवर. वामनराव म्हणाले, "बाकीच्या ओळींवरही लावू. सवडीने. मी आहे अजून." मागोव्याने एकेचाळीस हजार ठिकाणी निरोप धाडले; कराडच्या मशीनमध्ये नसीमने दुसऱ्याच दिवशी नवा कोड भरला. त्या जर्मन मुलीचं, आता ती मुलगी कसली, चाळिशीची बाई, दोन तासांत उत्तर आलं: 'मला नेहमी शंका होती. कळवल्याबद्दल आभार.'

गुरुवारी सकाळी सहाला फोन वाजला. नसीम होती.

"मॅडम, बोलू नका. नुसतं ऐका."

फोनमध्ये आधी नुसती घरघर होती. मग खट् असा आवाज झाला, हवा सुटल्याचा लांब फुस्सकारा आला आणि पुन्हा खट्.

"फिरली," नसीम म्हणाली. "दिवा हिरवा झालाय. आजचा आहे."